छोट्या ऑफिसच्या नेटवर्कचा नकाशा काढायचाय, सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं?

बेळगावच्या उद्यमबागातलं फौंड्रीचं ऑफिस घ्या, खडेबाजारातलं होलसेलचं दुकान घ्या नाहीतर निपाणीतली एखादी सौहार्द (सहकारी) सोसायटी घ्या, नेटवर्क सगळीकडं एकाच पद्धतीनं वाढलेलं असतंय. आधी टॅलीसाठी दोन कॉम्प्युटर जोडले, मग प्रिंटर आला, मग केबलवाल्यानं फायबर ओढून आपला डबा भिंतीला मारला, सीसीटीव्हीवाल्यानं डीव्हीआरला (रेकॉर्डिंगच्या डब्याला) नेट पाहिजे म्हणून मध्येच एक स्विच (नेटच्या अनेक वायरी एकत्र जोडणारा डबा) घुसवला, हजेरीचं थंब मशीन आलं, आणि मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये वायफाय येईना म्हणून कुणीतरी घरातला जुना राउटर आणून लावला. ह्यातल्या प्रत्येकाला आपली आपली वायर ठाऊक, सगळं मिळून कुणालाच ठाऊक नाही. नेट बंद पडलं की चौघांना फोन जातात आणि चौघंही सांगतात, आमचं बरोबर आहे ओ, त्यांना विचारा की.

म्हणून नकाशा पाहिजे, इथपर्यंत सगळ्यांना पटतंय. अडतंय ते सॉफ्टवेअरपाशी. गुगलवर शोधलं की ढीगभर नावं येतात, साइटवर आपोआप तयार होणारा देखणा नकाशा, किंमत डॉलरमध्ये आणि वर १८ टक्के जीएसटी. माझं मत आधीच सांगून टाकतो, वीस-तीस डिव्हाइसच्या ऑफिसला तसलं महागडं काही लागत नाही. एक फुकटचा स्कॅनर (नेटवर्कवर काय काय जोडलंय त्याची यादी काढणारं सॉफ्टवेअर) आणि एक फुकटचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर पुरतंय, बाकीचं काम वायरीच्या मागं फिरूनच करावं लागतंय. असं का, ते नीट समजलं तर निवडीत वेळ जात नाही.

आपोआप नकाशा काढणारं सॉफ्टवेअर काही भिंतीतली वायर बघत नसतंय, ते स्विचला आणि राउटरला विचारत असतंय. स्विचकडं एक यादी असते, कुठल्या पोर्टवर (वायर घालायच्या खाचेवर) कुठला मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) दिसला त्याची. शिवाय एलएलडीपी चालू असेल, किंवा सिस्को कंपनीचा माल असेल तर सीडीपी (दोन्ही शेजारच्या डब्याला आपली ओळख सांगायच्या पद्धती), तर शेजारी कुठला स्विच जोडलाय तेही त्याला ठाऊक असतंय. सॉफ्टवेअर ह्या याद्या एसएनएमपीनं (डब्याला त्याची माहिती विचारायची पद्धत) मागवतंय, एकमेकांशी जुळवतंय आणि त्यावरून रेघा मारतंय. आता ही सोय मॅनेज्ड स्विचमध्ये. आपल्याकडं टेबलाखाली धूळ खात पडलेला जो पाच नाहीतर आठ पोर्टचा डबा असतोय तो अनमॅनेज्ड, त्याला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) नाही, लॉगिन नाही, एसएनएमपी नाही. यादी तोही ठेवतोय, पण कुणी विचारलं तर सांगत नाही. असल्या मुक्या स्विचांवर लाखाचं सॉफ्टवेअर चालवलं तरी नकाशात स्विच येणार नाही, फार तर त्याच्या मागची पाच मशीनं एकाच पोर्टला लटकलेली दिसतील.

म्हणजे सॉफ्टवेअर शोधायच्या आधी स्विच उलटे करून बघा. मागच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतोय, तो घेऊन कंपनीच्या साइटवर मॅनेज्ड आहे का एवढंच बघायचं. स्टिकरवर आयपी आणि लॉगिन छापलेलं असेल तर बहुतेक मॅनेज्ड नाहीतर निदान स्मार्ट (अर्धवट मॅनेज्ड) तरी असणार, तरीपण त्यात एसएनएमपी आणि एलएलडीपी दोन्ही आहेत का ते बघा, स्वस्तातल्या स्मार्ट स्विचमध्ये कधी एक असतंय कधी दोन्ही नसतात. सगळे स्विच मुके निघाले तर ऑटोमॅटिक मॅपिंगवाली सगळी नावं यादीतून काढून टाका, विषय संपला.

एनमॅपबद्दल इथंच सांगतो कारण तरुण पोरं पहिल्यांदा तिकडंच जातात. १९९७ पासूनचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, कामाला एक नंबर, आणि त्याच्या झेनमॅप ह्या खिडकीवाल्या रूपात टोपोलॉजी म्हणून एक टॅब आहे, त्यात गोल गोल रिंगा आणि ठिपके येतात. दिसायला भारी. पण ते चित्र ट्रेसराउटवरून (समोरच्या मशीनपर्यंत जाताना वाटेत कोण लागतंय ते बघणारी तपासणी) काढलेलं असतंय, आणि ट्रेसराउटला फक्त राउटर दिसतो, स्विच दिसतच नाही. एका सबनेटच्या (राउटरच्या आत एकच नेटवर्क असलेल्या) ऑफिसात सगळी मशीनं एकाच टप्प्यावर, म्हणून सगळे ठिपके एकाच रिंगेवर. कोण कुणाला जोडलंय ते त्यातून कळणार नाही. एनमॅप घ्यायचं ते स्कॅनसाठी, नकाशासाठी नाही.

स्कॅनर कुठला, ह्यावर जास्त डोकं लावू नका. विंडोजवर अॅडव्हान्स्ड आयपी स्कॅनर सोपा पडतोय, इन्स्टॉल न करता नुसता चालवता येतोय, आयपी, नाव, मॅक अॅड्रेस आणि कुठल्या कंपनीचं कार्ड आहे ते दाखवतोय, शेअर केलेले फोल्डरपण दिसतात, आणि यादी सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी फाइल) बाहेर काढता येते. लिनक्स किंवा अॅपलचा मॅक कॉम्प्युटर असेल तर अँग्री आयपी स्कॅनर, ओपन सोर्स आहे, विंडोजवरही चालतोय. फक्त त्यात एक लक्षात ठेवायचं, तो आधी पिंग करतोय (चालू आहेस का म्हणून हाक मारतोय), आणि विंडोजचा फायरवॉल पुष्कळदा पिंगला उत्तर देत नाही, मग चालू असलेलं मशीनही बंद म्हणून दाखवलं जातंय. त्याच्या सेटिंगमध्ये उत्तर न देणाऱ्या होस्टवरही स्कॅन करा असा पर्याय आहे तो चालू करा. एनमॅपला अॅडमिन म्हणून चालवलं तर आपल्याच सबनेटवर ते एआरपीनं (ह्या आयपीचा मॅक कुठला, असं) विचारतंय, एआरपीला उत्तर दिल्याशिवाय कुठल्याच मशीनचं नेटवर्क चालत नाही, म्हणून फायरवॉलच्या आड लपलेलंही सापडतंय. कमांड छोटी आहे, एनमॅप, मग डॅश एसएन, मग १९२.१६८.१.०/२४, अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायची आणि आकडे तुमच्या ऑफिसचे घालायचे. मोबाइलवरचं फिंग हे अॅप उभ्या उभ्या बघायला बरं आहे, कामाची यादी करायला नाही.

डाउनलोड करताना जपून. गुगलवर अॅडव्हान्स्ड आयपी स्कॅनर टाकलं की वर जाहिराती येतात, आणि हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटवरून मालवेअर भरलेली कॉपी खपवल्याची प्रकरणं झालेली आहेत. पत्ता नीट वाचून मूळ कंपनीच्या साइटवरूनच घ्या, कुणाच्या पेनड्राइव्हवरची तर घेऊच नका.

आणि स्कॅन करायच्या आधी मालकाची किंवा सोसायटी असेल तर चेअरमन-सेक्रेटरीची परवानगी, तोंडी नको, दोन ओळींचं पत्र नाहीतर निदान मेल. २००० च्या आयटी अॅक्टच्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये, नेटवर्कमध्ये शिरण्याबद्दल भरपाईची तरतूद आहे. आपण चांगल्या मनानं करतोय हे नंतर सांगत बसण्यापेक्षा कागद बरा. कोअर बँकिंगचं सॉफ्टवेअर असेल तर त्या कंपनीच्या माणसालाही आधी कळवून ठेवा, नाहीतर तिकडं अलार्म वाजतोय आणि इकडं सगळे घाबरतात.

आता प्रत्यक्ष स्कॅन. लॅपटॉप केबलनं जोडा, वायफायवरून नको, आणि गेस्ट वायफायवरून तर मुळीच नको, तिथं एकमेकांना बघायची बंदी असते म्हणून फक्त राउटर दिसतोय आणि आपल्याला वाटतंय ऑफिसात काहीच नाही. एकदा सकाळी अकरा-साडेअकराला सगळे कामाला लागल्यावर, आणि एकदा संध्याकाळी शटर ओढल्यावर. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की रात्री काय चालू राहतंय ते कळतंय, त्यात कॅमेरे आणि सर्व्हर असायलाच पाहिजेत, पण अनोळखी काही असेल तर ते तिथंच सापडतंय.

यादी आयपीवर नको, मॅक अॅड्रेसवर बांधा. हेस्कॉमची लाइट गेली-आली की काही राउटर कुणाला कुठला आयपी दिला होता ते विसरतात आणि नव्यानं वाटप करतात, मग कालचा प्रिंटर आज दुसऱ्या नंबरवर. मॅकचे पहिले तीन जोड कंपनीचे असतात, त्यावरून एप्सन दिसलं की प्रिंटर, हिकव्हिजन दिसलं की कॅमेरा नाहीतर डीव्हीआर, असा अंदाज बांधता येतोय. काहींच्या पुढं कंपनीच येत नाही. तेव्हा मॅकचं दुसरं अक्षर बघा. ते २, ६, ए नाहीतर ई असेल तर तो बनवलेला पत्ता आहे, बहुतेक कुणाचातरी मोबाइल, कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा खोटा मॅक देतात. असले मोबाइल नकाशात घ्यायचे नाहीत, नुसतं स्टाफचे फोन असा एक ढग काढायचा.

दोन तपासण्या मात्र स्कॅनरवर सोडू नका. एक, दोन राउटर एकामागं एक आहेत का. कमांड प्रॉम्प्टवर ट्रेसर्ट ८.८.८.८ चालवा, पहिले दोन्ही टप्पे १९२.१६८ किंवा १० नं सुरू होणारे आले तर बहुतेक केबलवाल्याचा डबाही राउटर आणि तुमचाही राउटर. मग दोन राउटरच्या मधल्या पट्ट्यात जे काही जोडलेलं असेल, बरेचदा डीव्हीआर, ते आतल्या स्कॅनमध्ये येणार नाही, तिकडं वेगळा स्कॅन मारावा लागतोय. दुसरी, दोन डबे एकाच वेळी मशीनना आयपी वाटून देतायत का, ह्या वाटपालाच डीएचसीपी म्हणतात. दोन-चार मशीनवर आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल करून डीएचसीपी सर्व्हर पुढं काय लिहिलंय ते बघा, सगळीकडं तोच आकडा पाहिजे. वेगळा निघाला तर तो घरून आणलेला राउटर शोधा, सापडतोच.

आता ड्रॉइंग. इथं माझी पसंती ड्रॉ डॉट आयओला. फुकट आहे, ब्राउजरमध्ये चालतंय आणि डेस्कटॉपवर टाकायची वेगळी आवृत्तीही आहे जी नेट नसताना चालते, आणि हा मुद्दा किरकोळ नाही, कारण नकाशा लागणार तो नेट बंद असतानाच. क्लाउडवरच उघडणारा नकाशा त्या वेळी काय कामाचा? राउटर, स्विच, सर्व्हरची चित्रं तयार मिळतात, सिस्कोवालीपण आहेत. एखाद्या डब्यावर क्लिक करून कंट्रोल एम दाबलं की त्याच्या पोटात माहिती भरता येते, आयपी, मॅक, कधी घेतला, वॉरंटी कधी संपते. लेअर आहेत, म्हणजे कॅमेऱ्याच्या वायरी एका लेअरवर, कॉम्प्युटरच्या दुसऱ्यावर, आणि सगळ्यात खाली इमारतीच्या प्लॅनचा फोटो टाकून तो लेअर लॉक करून ठेवायचा, मग कुठली वायर कुठल्या खोलीतून जाते तेपण दिसतंय. एका फाइलमध्ये अनेक पानं होतात, शाखा असतील तर प्रत्येक शाखेला एक पान. स्कॅनरची सीएसव्ही त्यात थेट ओतता येते खरी पण वर सेटिंगच्या ओळी लिहायला लागतात, पंचवीस डब्यांसाठी ती कटकट कशाला, हातानं काढलेलं लवकर होतंय.

मायक्रोसॉफ्टचा व्हिजिओ वाईट नाही, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजावेत असं छोट्या ऑफिसात मला तरी दिसत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ चा बिझनेस प्लॅन आधीच घेतलेला असेल तर त्यात ब्राउजरमधला हलका व्हिजिओ येतोय, तो वापरून बघा. लिबरऑफिसचा ड्रॉ चालतोय, फक्त नेटवर्कची चित्रं गोळा करत बसावं लागतंय. एक्सेल म्हणाल तर ते सोडूच नका, यादी तिथंच राहू दे, पण चौकोनाला बाण जोडून एक्सेलमध्ये नकाशा काढायला बसू नका, एक कॉलम वाढवला की सगळे बाण इकडंतिकडं होतात.

लेबलं युनिकोडमध्येच टाका. श्रीलिपीच्या किंवा कन्नड नुडीच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेलं दुसऱ्या मशीनवर कचरा दिसतंय. आपल्याकडं ऑफिसातला स्टाफ मराठी, रॅक उघडणारा टेक्निशियन गोकाक नाहीतर बैलहोंगलचा, त्याला कन्नड आणि इंग्रजी येतंय, मराठी वाचायला जमेलच असं नाही, म्हणून डब्याला आणि वायरीला इंग्रजी अक्षर-आकड्यांचा कोड द्या आणि खोल्यांची नावं तुम्हाला पाहिजे त्या भाषेत. कोड नकाशात आणि वायरीवर तोच पाहिजे, एवढंच.

वायरीवर कोड घालायला वायर कुठून कुठं जाते ते कळायला पाहिजे, आणि हेच ते काम जे कुठलंही सॉफ्टवेअर करून देत नाही. ऑफिस सुटल्यावर करा, टॅली उघडी असताना वायर उपसली तर डेटा बिघडू शकतोय. कॅशिअरच्या मशीनचा आयपी घ्या, लॅपटॉपवरून त्याला पिंग लावा, शेवटी डॅश टी टाकायचं म्हणजे ते थांबत नाही, एकामागं एक रिप्लाय येत राहतात. ते मशीन पिंगला उत्तर देत नसेल तर तेवढ्यापुरता त्याच्या फायरवॉलमधून पिंग सोडा. मग स्विचपाशी बसून एक एक वायर काढायची, चार-पाच सेकंद थांबायचं, परत घालायची. ज्या वायरीला रिक्वेस्ट टाइम्ड आउट आलं ती कॅशिअरची. लगेच टेपवर कोड लिहून चिकटवायचा, दोन्ही टोकांना, नंतर लिहू म्हणायचं नाही. मशीन बंद असेल तर ही युक्ती चालत नाही, तिथं टोनवाला केबल ट्रेसर लागतोय, तो हार्डवेअरवाल्याकडून एका संध्याकाळीपुरता मागून आणला तरी भागतंय. ह्या फिरतीत दोन गोष्टी हमखास सापडतात, छताच्या आत ठेवलेला आणि सगळे विसरलेले स्विच, आणि दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये घातलेली वायर. दुसरी सापडली तर आधी काढा, असल्या लूपनं अख्खं नेटवर्क गुदमरतंय. आणि फौंड्रीच्या शेडपर्यंत तांब्याची केबल ओढली असेल तर लांबी मोजून नकाशात लिहा, १०० मीटरच्या पुढं ती चालेल ह्याची खात्री नाही.

नकाशावर पासवर्ड लिहायचे नाहीत, कितीही सोयीचं वाटलं तरी. वर तारीख आणि कुणी काढला त्याचं नाव. पीडीएफ करून एक प्रिंट रॅकच्या दाराला आतून चिकटवा, मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा.

पैसे घालवायची वेळ कधी येते? स्विच मॅनेज्ड असतील, डिव्हाइस पन्नासच्या पुढं गेले असतील, दोन-तीन मजले किंवा शाखा असतील तेव्हा. तेव्हाही आधी फुकटातलं बघा. मायक्रोटिक ह्या राउटर कंपनीचं द ड्यूड आहे, स्वतः शोधून नकाशा मांडतंय आणि डबा बंद पडला की रंग बदलून दाखवतंय, पण त्याचा सर्व्हर त्यांच्याच राउटरओएसवर चालतोय, म्हणजे मायक्रोटिकची ओळख पाहिजे. लिबरएनएमएस ओपन सोर्स आहे, एलएलडीपी-सीडीपीवरून शेजार शोधतंय, त्याला एक लिनक्स मशीन आणि ते सांभाळणारा माणूस लागतोय. माणूस नसेल तर फुकट हे महाग पडतंय. विकतचं घ्यायचंच ठरलं तर लायसन्स कशावर मोजतात ते आधी विचारा. कुणी डिव्हाइस मोजतंय, पीआरटीजीसारखं कुणी सेन्सर (नजर ठेवायची एक एक बाब) मोजतंय, आणि एका स्विचला एकच सेन्सर लागतोय असं नाही, प्रत्येक पोर्टला वेगळा लागू शकतोय. सोलारविंड्सच्या टोपोलॉजी मॅपरला १४ दिवसांची ट्रायल आहे. ट्रायलमध्ये डेमो बघत बसू नका, तुम्हाला पक्की ठाऊक असलेली एक वायर एका पोर्टातून काढून दुसऱ्यात घाला आणि परत स्कॅन करा, नकाशात ती हललेली दिसली तर पुढचं बोलणं. एसएनएमपी चालू करताना पब्लिक हे आधीपासून घातलेलं नाव (ते पासवर्डसारखंच चालतंय) तेवढं बदला, आणि स्विच देत असेल तर व्हर्जन ३ च वापरा.

शाखा असलेल्यांना अजून एक. हेड ऑफिस टिळकवाडीत, शाखा खानापूरला, एक संकेश्वरला, आणि तिन्हीकडं राउटर खोक्यातून काढून तसाच लावलेला म्हणून तिन्हीकडं १९२.१६८.१, असं असेल तर उद्या व्हीपीएननं (इंटरनेटवरून शाखा जोडणारी खासगी वाट) जोडताना कुठला १.१० कुठल्या गावचा हेच राउटरला कळणार नाही. नकाशा काढताना हे लगेच दिसतंय. आत्ताच हेड ऑफिसला १०, खानापूरला २०, संकेश्वरला ३० असे वेगळे तिसरे आकडे ठरवा, पहिले ९९ पत्ते सर्व्हर-प्रिंटर-कॅमेऱ्यांना हातानं द्यायला राखून ठेवा, डीएचसीपी १०० पासून २०० पर्यंत, आणि ही वाटणी फाइलच्या पहिल्या पानावर टाका.